डिस्क टू स्लो: घरच्या मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगसाठी कोणती ड्राइव्ह चालते, कोणती अडते

अनेक ट्रॅक एकदम रेकॉर्ड करताना किंवा वाजवताना सॉफ्टवेअर मध्येच थांबतं आणि ‘डिस्क टू स्लो’ अशी पाटी दाखवतं. मग कोणती ड्राइव्ह घ्यावी? निकाल आधीच सांगायचा तर, घरी १६ ते ३२ ट्रॅकचं काम असेल तर साधी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, साटा केबलवर चालणारी ड्राइव्ह) पुरते. महागडी एनव्हीएमई (त्याहून वेगवान जोडणीची एसएसडी) लागत नाही, दोन डिस्क जोडून रेड करायची तर मुळीच गरज नाही. ७२०० आरपीएमची चांगली हार्ड डिस्कसुद्धा सेटिंग नीट लावली तर चालते. नडतात त्या दोन वस्तू: पाठीवरच्या पिशवीत फिरणारी २.५ इंची पोर्टेबल हार्ड डिस्क, आणि पेन ड्राइव्ह. दुर्दैवाने घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांकडे याच दोन सर्वांत जास्त सापडतात.

मात्र खरेदीला निघण्याआधी दोष डिस्कचाच आहे ना हे पाहून घ्यावं. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. नवी एसएसडी बसते आणि चटचट आवाज तसाच राहतो.

खोक्यावरचा आकडा कामाचा का नाही

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक धरू. सेकंदाला ४८,००० सॅम्पल, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे १,४४,००० बाइट. ०.१४४ एमबी. १६ ट्रॅक एकदम रेकॉर्ड केले तर सेकंदाला २.३ एमबी, ३२ ट्रॅक वाजवले तर ४.६ एमबी. जुनी, मरगळलेली हार्ड डिस्कही सलग फाइल वाचताना याच्या कितीतरी पट देते. मग पाटी का येते?

गोम ‘सलग’ या शब्दात आहे. ३२ ट्रॅक म्हणजे डिस्कवर ३२ ठिकाणी पडलेल्या ३२ फाइली, आणि त्या वाचणारं हेड एकच. ते बिचारं या फाइलीतून थोडं उचलतं, त्या फाइलीकडे धावतं, पुन्हा तिसरीकडे. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत मारते. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य पट्टीवर पोचायला साधारण ९ मिलिसेकंद लागतात. एका खेपेला १३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५ खेपा. ५४०० आरपीएमच्या लॅपटॉप-डिस्कमध्ये हेच गणित ५.६ अधिक १२ असं पडतं आणि खेपा ५७ च्या आसपास उरतात.

आता सॉफ्टवेअर प्रत्येक खेपेला ६४ केबीचा घास उचलत असेल, तर एका ट्रॅकला सेकंदाला २.२ घास लागतात. ३२ ट्रॅकना ७०. म्हणजे ५४०० ची डिस्क आधीच हरली, आणि ७२०० ची कड्याच्या टोकावर उभी आहे. विंडोजने तेवढ्यात एखादी अपडेटची फाइल उघडली की तीही गेली. यात एमबी प्रति सेकंदाचा प्रश्न कुठेच आला नाही. तोच घास २५६ केबीचा केला, तर तेच ३२ ट्रॅक १८ खेपांत वाजतात. डिस्क तीच, सेशन तोच.

एसएसडीत हेड नाही, तबकडी नाही. एक जागा वाचायला सुमारे ०.१ मिलिसेकंद, म्हणजे शंभरपटीहून जास्त फरक. मल्टिट्रॅकच्या कामात एसएसडी जिंकते ती इथे. खोक्यावर छापलेल्या ५६० किंवा ७,००० एमबीचा यात फारसा वाटा नाही.

डिस्कवरचा भार वाढवणाऱ्या दोन गोष्टी सहसा लक्षात येत नाहीत. पहिली, तुकड्यांचा गाण्याचा ट्रॅक. दहा टेकमधून निवडून जोडलेल्या आवाजात ऐंशी तुकडे असतील, तर प्रत्येक क्रॉसफेडला (एक तुकडा विरत दुसरा चढतो त्या जोडाला) डिस्कला एकाच वेळी दोन फाइली वाचाव्या लागतात. दुसरी, फ्रीझ, म्हणजे इफेक्टसकट ट्रॅकची तयार फाइल बनवून ती वाजवणं. प्रोसेसर दमला म्हणून लोक ट्रॅक फ्रीझ करतात, आणि प्रोसेसरचं ओझं डिस्कच्या पाठीवर येतं. त्यात फ्रीझ केलेली फाइल बहुधा स्टिरिओ आणि ३२ बिट फ्लोट असते. ०.१४४ ची ०.३८४ एमबी होते, अडीचपटीहून जास्त. दहा ट्रॅक फ्रीझ केल्यावर ‘डिस्क टू स्लो’ दिसू लागलं, तर कारण तिथे शोधा.

आधी निदान

डिस्कचा दोष आणि प्रोसेसरचा दोष कानाला वेगळे कळतात. प्रोसेसर किंवा ड्रायव्हर कमी पडतो तेव्हा बारीक चटचट, पॉप, करकर येते, पण गाणं चालू राहतं. डिस्क कमी पडते तेव्हा एखादा ट्रॅक अख्खा गप्प होतो, किंवा सगळं वाजणंच थांबतं. ऑडिओ इंटरफेसचा बफर १२८ सॅम्पलवरून १०२४ वर नेऊन पाहा. त्रास गेला, तर डिस्क निर्दोष आहे. गेला नाही, तर सगळे प्लगइन (ट्रॅकवर लावलेले इफेक्ट) ऑफलाइन करा आणि नुसते कोरे ट्रॅक वाजवा. तरीही थांबत असेल, तर डिस्ककडे वळा.

डिस्कचं मीटर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतंच. रीपरमध्ये परफॉर्मन्स मीटर, क्यूबेसमध्ये ऑडिओ परफॉर्मन्सच्या खिडकीत डिस्कची वेगळी पट्टी, प्रो टूल्समध्ये सिस्टिम यूसेज, एबलटन लाइव्हमध्ये वरच्या पट्टीत पेटणारं ‘डी’ अक्षर. प्रो टूल्सचा जुना -९०७३ हा एरर याच दुखण्याचा: डिस्क संथ आहे किंवा फाइली विखुरल्या आहेत.

विंडोजवर रिसोर्स मॉनिटर उघडून डिस्कच्या टॅबवर जा आणि सेशन वाजत असताना ‘रिस्पॉन्स टाइम’ हा रकाना पाहा. १० ते २० मिलिसेकंद हे हार्ड डिस्कसाठी सुरळीत. १०० च्या वर सतत राहिला तर डिस्क धापा टाकते आहे. तिथेच कोणती फाइल कोण वाचतंय तेही दिसतं. बरेचदा गुन्हेगार तिथेच सापडतो: क्लाउडवर सेशनची नक्कल चढवणारं सिंक, लिहिली जाणारी प्रत्येक फाइल तपासणारा अँटिव्हायरस, नाहीतर सर्च इंडेक्सिंग. मॅकवर हेच काम स्पॉटलाइट आणि टाइम मशीन करतात. सेशनचा फोल्डर या सगळ्यांतून वगळला की काही वेळा दुसरं काही करावंच लागत नाही.

पुढची पायरी स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये तिच्या चार ओळी पाहायच्या. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट पाहणारे सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. या तिघांत शून्याशिवाय काहीही असेल, विशेषतः सी५ मध्ये, तर सेटिंगशी खेळत बसू नका. खराब सेक्टर लागला की साधी डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, त्यात कित्येक सेकंद जातात, आणि तेवढा वेळ बाकीचे ३१ ट्रॅक ताटकळतात. कुठलाच बफर एवढा खोल नसतो. आधी डेटा दुसरीकडे हलवा, मग डिस्क बदला. चौथी ओळ सी७, केबलवरच्या चुकांची. हा आकडा रोज वाढत असेल तर डिस्क चांगली आहे, साटा केबल वाईट आहे. केबल बदलली तरी जुना आकडा उतरत नाही, फक्त वाढायचा थांबतो. तेवढ्यावर नवी केबल वाईट ठरवू नका.

या सगळ्यावर एक झटपट चाचणी आहे. संगणकात आधीपासून एसएसडी असेल तर अडणाऱ्या सेशनचा अख्खा फोल्डर तिच्यावर कॉपी करा आणि तिथून वाजवा. सुरळीत वाजला, तर पुढचं वाचा.

७२०० आरपीएमची डेस्कटॉप डिस्क

डब्ल्यूडी ब्लू १ टीबी, मॉडेल डब्ल्यूडी१०ईझेडईएक्स, हे या जातीचं नमुनेदार उदाहरण. ७२०० आरपीएम, ६४ एमबी कॅश, साटा ६ गिगाबिट. मल्टिट्रॅकसाठी ही अजूनही चालते, पण तीन अटींवर. ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यावर नको. सॅम्पल लायब्ररी तिच्यावर नको. आणि ती ८० टक्क्यांच्या वर भरू नये. डिस्क बाहेरच्या कडेपासून आत भरत जाते, आणि आतल्या पट्ट्यांवरचा वेग बाहेरच्या साधारण निम्मा असतो. शिवाय जागा कमी उरली की नवी फाइल मिळेल त्या भोकांत तुकड्यातुकड्यांनी बसते. महिन्यातून एकदा डीफ्रॅग करावं, म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग लावून घ्याव्यात. त्याहून सोपं म्हणजे सेशन दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून, मूळ पुसून, परत आणणं. फाइली आपोआप सलग लिहिल्या जातात आणि जाता जाता एक बॅकअपही होतो.

हिच्याबद्दल आणखी एक भलतीच गोष्ट सांगायला हवी: हिचा आवाज. ७२०० भागिले ६० म्हणजे १२० हर्ट्झ. लाकडी टेबलावर ठेवलेला कॅबिनेट हा सूर टेबलाला देतो, टेबल माइकच्या स्टँडला. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे विजेची घरघर ५० आणि १०० ला दिसते. त्यामुळे स्पेक्ट्रममध्ये १२० ला सुई उभी असेल तर ती बहुधा डिस्क किंवा पंखा. उलट दिशेनेही त्रास होतो. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सचे अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी डिस्कच्या रॅकसमोर ओरडून दाखवलं होतं, आणि प्रतिसादाचा वेळ आलेखावर उसळलेला दिसला होता. तेव्हा फिरणारी डिस्क सबवूफरच्या डोक्यावर किंवा मॉनिटर स्पीकरच्या मागे ठेवणं म्हणजे हाताने दुखणं ओढवून घेणं.

२.५ इंची पोर्टेबल हार्ड डिस्क

टाळा. बॅकअपला उत्तम, रेकॉर्डिंगला नाही. ५४०० आरपीएमच्या खेपांचं गणित वर आलंच. त्याहून वाईट म्हणजे १ टीबी आणि पुढच्या बहुतेक पोर्टेबल डिस्क एसएमआर तंत्राच्या असतात. या तंत्रात डेटाच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, म्हणून कमी जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची सगळी ओळ उचलावी लागते, तसंच इथे एक पट्टी लिहायला शेजारच्या पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात. डिस्क आधी डेटा एका राखीव भागात टाकून वेळ मारून नेते. तो भाग भरला की आतली आवराआवर सुरू होते आणि लिहिणं सेकंद-सेकंद खोळंबतं. त्यामुळे या डिस्क पहिल्या आठवड्यात छान चालतात, डेमोच्या वेळी छान चालतात, आणि तीन महिन्यांनी, अर्ध्या भरल्यावर, लांबलचक रेकॉर्डिंगच्या चाळिसाव्या मिनिटाला अडतात.

कोणती डिस्क एसएमआर हे खोक्यावरून कळत नाही. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या मॉडेलांत हे तंत्र न सांगता वापरल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. त्यानंतर कंपन्यांनी कुठल्या मॉडेलात काय आहे याच्या याद्या जाहीर केल्या. फिरणारी डिस्क घ्यायचीच असेल तर मॉडेल क्रमांक त्या यादीत पाहून ती सीएमआर (पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी) असल्याची खात्री करा.

हीच डिस्क वापरणं भाग असेल तर वीज नीट द्या. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. वीज न जोडलेल्या हबवर डिस्क आणि ऑडिओ इंटरफेस दोघंही लावले, की डिस्क फिरायला लागताना व्होल्टेज खाली बसतं. टकटक आवाज येतो, ड्राइव्ह क्षणभर गायब होते, आणि सॉफ्टवेअर पुन्हा ‘डिस्क टू स्लो’च म्हणतं. त्याला बिचाऱ्याला कारण ठाऊक नसतं.

पेन ड्राइव्हबद्दल एवढंच: स्वस्तातला कंट्रोलर छोट्या छोट्या लिखाणावर शेकडो मिलिसेकंद थबकतो. फाइल न्यायला ठीक, त्यावर रेकॉर्ड करू नये.

साटा एसएसडी: सॅमसंग ८७० ईव्हीओ, ८७० क्यूव्हीओ, क्रुशल एमएक्स५००

घरच्या कामाची खरी वस्तू ही. ८७० ईव्हीओ आणि एमएक्स५०० दोन्ही टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या), दोन्हींचा वाचनाचा जाहीर वेग ५६० एमबीच्या घरात. दोघींत मल्टिट्रॅकच्या दृष्टीने निवड करण्यासारखं काही नाही. जी मिळेल ती घ्या.

८७० क्यूव्हीओला नावं ठेवायची पद्धत आहे, कारण ती क्यूएलसी, म्हणजे एका पेशीत चार बिट कोंबणारी आणि म्हणून संथ. तिच्या १ टीबी मॉडेलमध्ये ४२ जीबीपर्यंतचा वेगवान कॅश आहे, आणि तो भरला की लिहिण्याचा वेग ५३० वरून थेट ८० एमबीवर येतो. व्हिडिओवाल्यांसाठी हे वाईट. पण ८० भागिले ०.१४४ करून पाहा: साडेपाचशे ट्रॅक. घरात एवढे माइक कोणी लावत नाही. क्यूव्हीओ टाळण्याचं कारण वेग नव्हे, टिकाऊपणा म्हणावं, तर तेही तपासून पाहू. १ टीबी क्यूव्हीओची हमी ३६० टीबी लिखाणाची आहे, तेवढ्याच ईव्हीओची ६०० टीबी. १६ ट्रॅकचं एक तासाचं रेकॉर्डिंग ८.३ जीबी. ३६० टीबीत असे ४३,००० हून जास्त तास बसतात, रोज चार तास म्हटलं तरी २९ वर्षं. ‘रेकॉर्डिंगने एसएसडी झिजते’ ही धास्ती या हिशेबापुढे टिकत नाही.

जुन्या लॅपटॉपमध्ये बसवायची तर जाडी पाहा. या एसएसडी ७ मिलिमीटरच्या असतात. लॅपटॉपचा खण ९.५ चा असेल तर सैल बसते आणि कनेक्टरवर ताण येतो. २.५ मिलिमीटरची चौकट स्वतंत्र मिळते, ती खाली लावा. लॅपटॉपचं साटा पोर्ट ३ गिगाबिटचं निघालं तर वेग निम्मा दिसेल. दुर्लक्ष करा, प्रतिसादाचा वेळ तोच राहतो. जुनी डिस्क क्लोन करण्याआधी तिच्यावरचा भरलेला डेटा नव्या एसएसडीपेक्षा कमी असल्याची खात्री करा, आणि सी५ शून्य नसेल तर क्लोन करूच नका. खराब सेक्टरवर क्लोन मध्येच अडतं किंवा अर्धवट फाइली पुढे जातात. त्यापेक्षा नवं इन्स्टॉलेशन बरं. बसवल्यावर विंडोजच्या ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’मध्ये तिच्यासमोर सॉलिड स्टेट ड्राइव्ह असं लिहून आलं पाहिजे. हार्ड डिस्क असं आलं, तर ट्रिमऐवजी (पुसलेली जागा एसएसडीला कळवण्याऐवजी) डीफ्रॅग चालेल, म्हणजे फुकटचं लिखाण.

यूएसबी पोर्टेबल एसएसडी: सॅमसंग टी७

लॅपटॉप उघडता येत नसेल किंवा सेशन दोन संगणकांत फिरवायचा असेल तर हा मार्ग. टी७ चं वजन ५८ ग्रॅम, जोडणी यूएसबी ३.२ जेन २, जाहीर वेग वाचनाला १,०५० आणि लिहायला १,००० एमबी. सोबत टाइप सी ते सी आणि सी ते ए अशा दोन केबली येतात. त्या जपा. मोबाइल चार्जिंगची टाइप सी केबल बहुधा आतून यूएसबी २ ची असते. तिच्यावर हीच ड्राइव्ह ४० एमबीच्या आत येते. गंमत म्हणजे ३२ ट्रॅक तेवढ्यावरही वाजतात, कारण प्रतिसाद अजून एसएसडीचाच आहे. पण सेशन कॉपी करायला बसलात की रात्र जाते.

तक्रारीला जागा दोन. एक, ती एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येते. विंडोज आणि मॅक दोन्हींत चालावी म्हणून ते ठीक, पण एक्सफॅटमध्ये जर्नल (बदलांची नोंदवही) नाही. रेकॉर्डिंग चालू असताना केबल निसटली तर फाइलच नव्हे, आजूबाजूची यादीही बिघडू शकते. एकाच जातीच्या संगणकावर वापरणार असाल तर पहिल्याच दिवशी विंडोजसाठी एनटीएफएस, मॅकसाठी एपीएफएस करून टाका. (फिरणाऱ्या डिस्कला मात्र मॅकवर जुनं मॅक ओएस एक्स्टेंडेडच बरं. एपीएफएसची रचना हेडला फार पळवते.) दोन, पासवर्ड लावला तर प्रत्येक संगणकावर उघडायला सॅमसंगचं सॉफ्टवेअर लागतं. दुसऱ्याच्या स्टुडिओत जाऊन हे लक्षात येणं त्रासाचं.

इंटरफेस आणि ड्राइव्ह शक्यतो संगणकाच्या वेगवेगळ्या बाजूंच्या पोर्टांवर लावा, एका हबवर नको. आणि यूएसबी ३ ची ड्राइव्ह वायरलेस माउसच्या रिसीव्हरला चिकटून असेल तर माउस अडखळतो. यूएसबी ३ चा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. डिस्क संथ झाली असं वाटतं, पण असतो तो माउस.

मोकळी एनव्हीएमई आणि एन्क्लोजर (ती यूएसबीवर चालवणारी डबी) हाही पर्याय आहे, साध्या एन्क्लोजरमध्ये वेग टी७ एवढाच मिळतो. फक्त एन्क्लोजर ॲल्युमिनियमचा आणि आत उष्णतेची पट्टी असलेला घ्या. प्लॅस्टिकच्या डबीत एनव्हीएमई तापून वेग पाडते. आणि विकत घेताना यूएएसपी (यूएसबीवर अनेक मागण्या एकदम हाताळायची पद्धत) चालतं का ते विचारा.

ड्राइव्ह न बदलता काय सुधारतं

खेपांचं गणित बदलणारी सेटिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे. रीपरमध्ये प्रेफरन्सेस, ऑडिओ, बफरिंग. तिथे मीडिया बफर १,२०० मिलिसेकंद असतो. हार्ड डिस्कवर तो २,४०० ते ३,००० करा. त्याच पानावर ॲडव्हान्स्ड डिस्क पर्यायांत लिहिण्याच्या बफरचा आकार वाढवून २५६ केबी करता येतो. क्यूबेसमध्ये स्टुडिओ सेटअपमध्ये डिस्क प्रीलोडचे सेकंद वाढवा. प्रो टूल्समध्ये प्लेबॅक इंजिनमधला डिस्क कॅश, जितकी रॅम मोकळी असेल तितका: सेशनच्या सगळ्या ऑडिओ फाइली त्यात मावल्या तर वाजवायला डिस्क जवळपास लागतच नाही. एबलटनमध्ये छोट्या लूपांना क्लिपवरचं रॅम बटण. डिस्कचा हा बफर मोठा केल्याने गाताना कानात उशीर येत नाही; उशीर आणतो तो वेगळा, इंटरफेसचा बफर. दोघांची गल्लत करून लोक हा बफर लहान ठेवतात आणि डिस्कला विनाकारण धावायला लावतात.

ऐंशी तुकड्यांचा गाण्याचा ट्रॅक पक्का झाला की एकत्र करा. रीपरमध्ये ग्लू, प्रो टूल्समध्ये कन्सॉलिडेट, लॉजिकमध्ये जॉइन. मूळ टेक बंद ट्रॅकवर ठेवा, नुसते म्यूट केलेले नको; काही सॉफ्टवेअर म्यूट ट्रॅकही वाचत राहतात.

विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये हार्ड डिस्क बंद होण्याची वेळ ‘कधीच नाही’ करा आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. मॅकवर ‘हार्ड डिस्क झोपवा’ हा पर्याय काढा. झोपलेली डिस्क पुन्हा गती घ्यायला काही सेकंद घेते. चहाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच टेकला नेमकी पाटी येण्याचं हे कारण. बाहेरच्या ड्राइव्हसाठी विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हे मूळ सेटिंग असतं, त्यात लिहिण्याचा कॅश बंद राहतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या पॉलिसीज टॅबवर ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडा. त्यानंतर मात्र ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय केबल उपटायची नाही.

इतकं करूनही वीज गेली आणि टेकची फाइल उघडेनाशी झाली, तर पुसू नका. वेव्ह फाइलची लांबी बहुधा रेकॉर्डिंग थांबल्यावर फाइलीच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये लिहिली जाते. ती राहून गेली तरी आवाज डिस्कवर असतो. ऑडॅसिटीत ‘इम्पोर्ट रॉ डेटा’ निवडा, २४ बिट साइन्ड, लिटल एंडियन, मोनो, ४८,००० सांगा. सुरुवातीला एक छोटी टिचकी ऐकू येईल, ती हेडरची, कापून टाका. नुसताच कर्कश गोंगाट आला तर ऑफसेट एकेक बाइटने पुढे न्या. २४ बिटमध्ये तिसऱ्या प्रयत्नापर्यंत आवाज सापडतो. सर्व १६ चॅनल एकाच फाइलीत टाकणारा रेकॉर्डर असेल तर साध्या वेव्हची ४ जीबीची मर्यादा ३१ मिनिटांतच गाठली जाते हेही ध्यानात ठेवा. आरएफ६४ (ही मर्यादा नसलेला वेव्हचा प्रकार) निवडा, नाहीतर स्वतंत्र मोनो फाइली.

नवी ड्राइव्ह आल्यावर पहिलंच काम खऱ्या रेकॉर्डिंगचं नको. २४ ट्रॅक रेकॉर्डला लावा, माइक असोत नसोत, आणि दोन तास चालू ठेवा. ४८/२४ वर साधारण २५ जीबी होईल. मग ड्राइव्ह तीन-चतुर्थांश भरून पुन्हा तेच करा, कारण एसएमआरची आणि क्यूएलसीची खरी चाल भरल्यावरच दिसते. दुसऱ्या फेरीत रिस्पॉन्स टाइम पहिल्यासारखाच राहिला तर ड्राइव्ह ठेवा. नाही राहिला तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा.